हजारांतल्या चार किल्ल्या

एनिग्मा यंत्रावरचा भाग झाल्यावर बंगळुरू, इंदूर, हैदराबाद अशा ठिकाणांहून तरुण श्रोत्यांचे बरेच प्रश्न आले. त्यांतल्या एका प्रश्नाचा रोख साधारण असा होता : "सर, आमच्या कंपनीत पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या आता माणूस बदलत नाही. एक टूल दर तीस दिवसांनी आपोआप बदलतं. मग तुमच्या त्या जुन्या संकेतवह्यांच्या इतिहासाचा आम्हाला उपयोग काय?"

प्रश्न रास्त आहे. मी संगणक अभियंता नाही. पण गुप्त वस्तू सांभाळणं, त्यांची मोजदाद ठेवणं आणि वेळेवर बदलणं हे काम फौजेत उभी हयात पाहिलं आहे. या विषयाच्या इतिहासात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. किल्ल्या बदलायच्या राहतात त्या बहुतेक वेळा आळसामुळे नव्हे. कुणीतरी त्यांच्यापुढे "नष्ट झाली", "वापरात नाही", "आपली नाही" असा शेरा मारलेला असतो आणि तो शेरा पडताळलेला नसतो, म्हणून त्या राहतात. आजचा भाग त्या शेऱ्याबद्दल आहे.

सुरुवात १८८३ पासून करू. ऑग्युस्त केर्कहॉफ्स नावाचे मूळचे डच भाषातज्ज्ञ पॅरिसमध्ये शिकवत. त्यांनी एका फ्रेंच लष्करी नियतकालिकात सांकेतिक लेखनावर लेख लिहिले आणि चांगल्या पद्धतीसाठी सहा अटी घातल्या. दुसरी अट आज सर्वांना पाठ असते : यंत्र किंवा पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. पण तिसऱ्या अटीकडे फारसं कुणी पाहत नाही. तिच्यात ते म्हणतात की किल्ली कागदावर न लिहिता लक्षात ठेवता आली पाहिजे आणि वापरणाऱ्यांना हवी तेव्हा बदलता आली पाहिजे. म्हणजे कुलूप कितीही मजबूत असो, किल्ली बदलण्याची सोय नसेल तर ते कुलूप कामाचं नाही, हे तेव्हाच सांगून झालं होतं. 'हवी तेव्हा' हे दोन शब्द मात्र लिहायला सोपे आणि करायला अवघड. एकाच वेळी शंभर ठिकाणच्या माणसांनी जुनी टाकून नवी घ्यायची आहे, आणि त्या दरम्यान काम थांबवायचं नाही.

आता १९३८ च्या पोलंडकडे येऊ. मारियन रेयेव्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की हे तीन तरुण गणिती. त्यांतल्या रेयेव्स्कींनी १९३२ च्या डिसेंबरात जर्मन लष्करी एनिग्माची आतली जोडणी मुख्यतः गणिताच्या जोरावर शोधून काढली होती. यंत्रात तेव्हा तीन चक्रं असत. रोजची किल्ली, म्हणजे कोणतं चक्र कुठे आणि कोणत्या जोडणीत बसवायचं हे छापील तक्त्यावरून ठरे. शिवाय प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला त्या संदेशापुरती तीन अक्षरांची मांडणी दोनदा सांकेतिक करून पाठवली जाई. ही दोनदा पाठवण्याची सवय पोलिश गणितींना घरात शिरायला दार झाली होती.

१५ सप्टेंबर १९३८ ला जर्मनांनी ही पद्धत बदलली. मग १५ डिसेंबरला आणखी मोठा बदल केला : तीन चक्रांच्या जोडीला दोन नवी चक्रं दिली, पाचांतून कोणतीही तीन वापरायची. पूर्वी चक्रं लावण्याच्या सहा तऱ्हा होत्या, त्या साठ झाल्या. नव्या चक्रांची आतली जोडणी तर पोलंडला ठाऊकच नव्हती. एका दिवसात सहा वर्षांची मेहनत पाण्यात जायला हवी होती.

पण गेली नाही. नाझी पक्षाच्या गुप्तचर शाखेचं, म्हणजे एसडीचं, स्वतःचं वेगळं रेडिओ जाळं होतं. लष्कराने सप्टेंबरात पद्धत बदलली तेव्हा हे जाळं जुन्याच पद्धतीवर राहिलं. डिसेंबरात नवी चक्रं मात्र त्यांनीही घेतली. म्हणजे नवी चक्रं जुन्या पद्धतीने चालवली जात होती, आणि जुनी पद्धत फोडायची कशी हे रेयेव्स्कींना पाठ होतं. एसडीच्या संदेशांवरून त्यांनी दोन्ही नव्या चक्रांची जोडणी काढली. ती चक्रं सगळ्या जर्मन लष्करात तीच होती! एका शाखेने उशीर केला आणि गुपित सगळ्यांचं गेलं. साठ तऱ्हा रोज तपासण्याइतकी साधनं पोलंडकडे नव्हती, म्हणून जुलै १९३९ मध्ये वॉर्सॉजवळच्या पिरी इथे त्यांनी हे सारं ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हवाली केलं. पाच आठवड्यांनी युद्ध सुरू झालं. ब्लेचली पार्कची कहाणी आपण मागे ऐकली आहेच, तिचा पाया तिथे आहे.

बर्लिनमध्ये कुणाच्यातरी टेबलावर "बदल पूर्ण" असा अहवाल गेलाच असणार, असं मला नेहमी वाटतं. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण असे अहवाल वर कसे जातात, हे ज्याने सरकारी नोकरी केली आहे त्याला सांगायला नको.

दुसरा प्रसंग आपल्या जवळचा आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराचे संकेत फोडण्याचं एक मोठं केंद्र दिल्लीत होतं. वायरलेस एक्सपेरिमेंटल सेंटर हे त्याचं नाव, आणि जागा आनंद पर्बतवरच्या रामजस कॉलेजच्या इमारती. दिल्लीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी त्या टेकडीवरून जाताना जरूर आठवावं. १९४३ मध्ये जपानी जलवाहतुकीचा लष्करी संकेत इथे फुटला. त्यात विल्फ्रिड नॉइस यांचा मोठा वाटा होता. हेच नॉइस पुढे १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत तेनझिंग आणि हिलरी यांच्या चमूत होते. याच धर्तीचं दुसरं केंद्र ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला होतं, सेंट्रल ब्यूरो. दोन्ही केंद्रं एकमेकांना माहिती देत.

जपानी लष्कराचा मुख्य संकेत मात्र त्रास देत होता. आणि मग जानेवारी १९४४ मध्ये न्यू गिनीच्या किनाऱ्यावर सिओ नावाच्या ठिकाणाहून जपानी २० वी डिव्हिजन माघार घेत निघाली. पाऊस, चिखल, मागे ऑस्ट्रेलियन फौज. संकेतवह्यांची पेटी सोबत नेणं शक्य नव्हतं. नियमाने ती जाळायला हवी होती. ती पोलादी पेटी जाळली गेली नाही, पुरली गेली. मागून आलेल्या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरांनी सुरुंग शोधण्याच्या यंत्राने परिसर तपासायला घेतला. यंत्राने धातू दाखवला, सुरुंग समजून खणलं, तर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पेटी आणि पेटीत डिव्हिजनचं अख्खं संकेतभांडार! भिजलेली पानं ब्रिस्बेनला नेऊन एकेक सुकवली गेली. त्या वह्यांच्या जोरावर जनरल मॅकआर्थर यांना जपानी सैन्य कुठे दाट आहे आणि कुठे विरळ हे वाचता आलं. एप्रिलमध्ये त्यांनी जपानी फौज जिथे वाट बघत होती ती ठिकाणं सोडून थेट हॉलंडियाला सैन्य उतरवलं.

पेटी हरवली हे या कथेतलं खरं नुकसान नव्हे. युद्धात वस्तू हरवतातच. वह्या शत्रूच्या हाती गेल्या आहेत हे वरच्या मुख्यालयाला ठाऊक असतं, तर किल्ल्या तातडीने बदलता आल्या असत्या. पण त्यांच्या हिशेबी त्या वह्या नष्ट झाल्या होत्या. जे नष्ट झालं आहे ते कोण बदलणार?

इथे थोडं फौजेतल्या पद्धतीबद्दल सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय नीट कळणार नाही. गुप्त दस्तऐवजांची ठराविक मुदतीने मोजदाद होते, तिला आम्ही मस्टर म्हणतो. रजिस्टरात नोंद, नोंदीपुढे प्रतीचा क्रमांक, आणि प्रत्येक प्रत डोळ्यांनी पाहून खूण. जुनी प्रत नष्ट करायची तर अधिकाऱ्यांचं बोर्ड बसतं, त्यांच्यासमोर ती जळते, राख ढवळली जाते, मग सह्या होतात. नवख्या अधिकाऱ्याला हे सगळं फार कंटाळवाणं वाटतं. माझ्या पहिल्या मस्टरला माझ्याबरोबर एक बुजुर्ग सुभेदार साहेब होते. एका कपाटाची किल्ली ज्याच्याकडे होती तो जवान रजेवर होता, आणि कारकून म्हणाला, "साहब, उसमें सब ठीक है, पिछली बार गिना था।" सुभेदार साहेबांनी रजिस्टर मिटलं आणि शांतपणे म्हणाले, "तो फिर दस्तखत भी पिछली बार के ही चलेंगे।" दुसरी किल्ली मागवली, कपाट उघडलं, मोजलं, सगळं जागेवर होतं. दीड तास गेला. तेव्हा मला तो दीड तास वाया गेल्यासारखा वाटला, कारण मी बावीस वर्षांचा होतो आणि संध्याकाळी हॉकीचा सामना होता.

मस्टरनेही एक प्रश्न सुटत नाही. किल्ली ज्याच्या हातात देतो तोच फितूर निघाला तर काय? याचं सर्वांत कडू उदाहरण अमेरिकन नौदलातलं आहे. जॉन अँथनी वॉकर हा दळणवळण विभागातला वॉरंट अधिकारी. १९६७ पासून त्याने सोव्हिएत संघाला सांकेतिक यंत्रांच्या रोजच्या किल्ल्यांचे छापील तक्ते फोटो काढून विकायला सुरुवात केली. जानेवारी १९६८ मध्ये उत्तर कोरियाने अमेरिकेचं प्वेब्लो हे टेहळणी जहाज पकडलं आणि त्यावरची सांकेतिक यंत्रंही हाती घेतली. अमेरिकेची भिस्त केर्कहॉफ्सच्या दुसऱ्या अटीवर होती : यंत्र गेलं तरी किल्ली रोज बदलते, चिंता नाही. हिशेब पुस्तकाप्रमाणे बरोबर होता. फक्त तिसऱ्या अटीतला 'कागदावर न लिहिता' हा भाग सुटला होता. किल्ली कागदावर होती, कागद वॉकरच्या हातातून जात होता. किल्ल्या अगदी वक्तशीर बदलत होत्या आणि नव्या किल्ल्याही तितक्याच नेमाने मॉस्कोला पोचत होत्या. निवृत्त झाल्यावर त्याने हे काम मित्रामार्फत चालू ठेवलं, पुढे भाऊ आणि मुलगाही ओढले गेले. मे १९८५ मध्ये तो पकडला गेला, तोही त्याच्या घटस्फोटित पत्नीने माहिती दिली म्हणून.

पुढच्या काळात जगभरच्या फौजा कागदी तक्त्यांकडून विजेवर चालणाऱ्या किल्ल्यांकडे वळल्या. किल्ली यंत्रात तयार होते, छोट्या उपकरणातून किंवा थेट रेडिओवरून दुसऱ्या यंत्रात जाते, आणि मधला माणूस ती वाचू शकत नाही. आजच्या तरुणांच्या टूलचे पूर्वज हेच, हे लक्षात घ्या. माणसाचे हात मधून काढायचे, हा विचार आधी फौजेत रुजला.

संगणकांच्या जगात हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. तिथे पासवर्ड फक्त माणसाचे नसतात. तुम्ही मोबाइलवर रेल्वेचं तिकीट काढता तेव्हा ॲप एका सर्व्हरशी बोलतं, तो सर्व्हर डेटाबेसशी, डेटाबेस आणखी कशाशी, पैसे घेणारी व्यवस्था बँकेशी. प्रत्येक जोडीत एक प्रोग्रॅम दुसऱ्याला आपली ओळख पटवतो, आणि त्यासाठी एखादा पासवर्ड, टोकन, सर्टिफिकेट किंवा एपीआय की असते. ती कुणी टाइप करत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही राहत नाही. माणसाची बदली होते, तो निवृत्त होतो, निदान नोकरी सोडताना चार्ज देतो. प्रोग्रॅमची किल्ली मात्र तशीच पडून राहते.

यावर एक चांगला विचार अमेरिकेतल्या एमआयटीत झाला. १९८३ मध्ये तिथे अथीना प्रकल्प सुरू झाला आणि त्यातून कर्बरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत निघाली. नाव ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या दारावरच्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचं. आपल्याकडे यमाच्या दारी चार डोळ्यांचे दोन कुत्रे आहेत, त्यामुळे पहाऱ्याच्या कामावर कुत्राच हवा यावर दोन्ही संस्कृतींचं एकमत दिसतं. कर्बरॉसमध्ये पासवर्ड जाळ्यातून फिरत नाही. मध्यवर्ती अधिकारी काही तासांचं तिकीट देतो, तास संपले की तिकीट रद्द. ते रद्द करायला कुणाला लक्षात ठेवावं लागत नाही.

हा विचार सगळीकडे पोचला असता तर बरं झालं असतं. पण घाईत असलेला प्रोग्रॅमर किल्ली थेट प्रोग्रॅमच्या मजकुरातच लिहून टाकतो. जपानच्या टोयोटाचं उदाहरण घ्या. त्यांच्या टी-कनेक्ट या सेवेचा काही मजकूर एका कंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये गिटहबवर चुकून जाहीर ठेवला. त्यात ग्राहकांच्या माहितीच्या सर्व्हरची किल्ली होती. हे लक्षात आलं १५ सप्टेंबर २०२२ ला. जवळजवळ पाच वर्षं किल्ली चौकात टांगलेली होती. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि ग्राहक क्रमांक उघडे पडले असण्याची शक्यता कंपनीने जाहीर केली. आता यातला साधा हिशेब बघा. ती किल्ली दर तीन महिन्यांनी आपोआप बदलली असती, तर चौकात टांगलेली किल्ली २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत निव्वळ लोखंडाचा तुकडा झाली असती. चूक कुणाच्याही ध्यानात आली नसती तरीही! आपोआप बदलण्याचा खरा फायदा हाच आहे, की न कळलेल्या चोरीलाही मुदत लागते.

टूल हे काम करतं कसं? २०१५ मध्ये हॅशिकॉर्पचं व्हॉल्ट आलं, २०१८ मध्ये ॲमेझॉनने सीक्रेट्स मॅनेजर आणला. आतली कल्पना पहारा बदलण्यासारखी आहे. चौकीवरचा जुना पहारेकरी आधी निघून गेला आणि नवा नंतर आला, तर मधल्या दोन मिनिटांत चौकी उघडी. म्हणून नवा आधी येतो, जागा ताब्यात घेतो, मग जुना सुटतो. टूलही आधी नवा पासवर्ड तयार करतं, मग तो डेटाबेसमध्ये लावतं, मग त्याने खरंच आत जाता येतं का हे तपासतं, आणि त्यानंतरच 'चालू किल्ली' ही पाटी जुन्यावरून काढून नव्यावर लावतं. जुनी 'मागची' म्हणून थोडा वेळ बाजूला असते. काही ठिकाणी दोन खाती ठेवून आलटून पालटून पासवर्ड बदलतात, म्हणजे एक चालू असताना दुसऱ्याचा बदलता येतो. व्हॉल्टमध्ये याहून पुढची सोय आहे : प्रोग्रॅम मागेल तेव्हा त्याच्यासाठी नवं खातं तयार होतं, समजा एका तासासाठी, आणि तास संपला की खातंच पुसलं जातं. छावणीच्या दारावर मिळणारा एका दिवसाचा पास असतो ना, तसंच.

वेबसाइटच्या सर्टिफिकेटांचंही हेच झालं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून फुकट सर्टिफिकेट देते, आणि सुरुवातीला ती नव्वद दिवसांचीच देत असे. मुदत मुद्दाम आखूड ठेवली, म्हणजे लोकांना नूतनीकरण यंत्रावर सोपवावंच लागेल. २०२५ मध्ये या क्षेत्रातल्या संस्थांनी ठरवलं आहे की २०२९ पर्यंत ही मुदत सगळ्यांसाठीच ४७ दिवसांवर आणायची. हाताने करण्याचे दिवस संपले, असंच ते सांगत आहेत.

जाता जाता एक गैरसमज काढतो. हे सगळं यंत्रांच्या किल्ल्यांबद्दल आहे. माणसांना दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावणं ही वेगळी गोष्ट, आणि माझ्या मते ती बहुतेक वेळा निरुपयोगी. माणूस शेवटचा एक काढून दोन लावतो, किंवा कागदावर लिहून कीबोर्डखाली ठेवतो. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने पूर्वी असा सल्ला दिला होता. तो लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे त्याबद्दल खेद व्यक्त केला आणि त्याच वर्षी संस्थेने सल्ला बदलला : गळती झाल्याचा पुरावा असेल तेव्हा बदला, उगाच तारीख आली म्हणून नको. आपल्याकडच्या कित्येक कचेऱ्यांपर्यंत हा बदल अजून पोचलेला नाही, तो भाग वेगळा.

टूल आलं म्हणजे मस्टर संपलं का? मला नाही वाटत. टूल फक्त त्याच किल्ल्या बदलतं ज्या त्याच्या रजिस्टरात आहेत. ४ जानेवारी २०२३ ला सर्कलसीआय या कंपनीने आपल्या सगळ्या ग्राहकांना कळवलं की आमच्याकडे ठेवलेल्या तुमच्या सर्व गुप्त किल्ल्या ताबडतोब बदला. एका अभियंत्याच्या लॅपटॉपवर आलेल्या घातक प्रोग्रॅममुळे चोर आत शिरला होता. ज्याच्याकडे यादी तयार होती त्याच्यासाठी हा एका रात्रीचा त्रास. ज्याच्याकडे नव्हती त्याला आधी 'आमचं तुमच्याकडे काय काय आहे' हेच शोधायचं होतं. आपल्याकडे सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. सहा तासांत यादी तयार होत नाही, ती आधीच असावी लागते.

आणि आता त्या चार किल्ल्यांकडे येतो, ज्यांच्यावरून आजच्या भागाचं नाव घेतलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओक्टा या ओळखव्यवस्था पुरवणाऱ्या कंपनीच्या ग्राहकसेवेत चोर शिरला. त्यातून क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या काही किल्ल्या बाहेर गेल्या. क्लाउडफ्लेअर म्हणजे जगातल्या असंख्य वेबसाइटांचं पहाऱ्याचं काम करणारी कंपनी. नवशिकी मंडळी नव्हेत. त्यांना चोरी त्याच महिन्यात कळली आणि त्यांनी किल्ल्या बदलायला घेतल्या. फुटलेल्या किल्ल्या हजारोंनी होत्या, त्या बदलल्या. चार राहिल्या : एक टोकन आणि तीन सेवाखाती. का राहिल्या, हे कंपनीने १ फेब्रुवारी २०२४ ला स्वतःच प्रामाणिकपणे लिहिलं. त्या वापरात नाहीत अशी समजूत होती. सिओच्या पेटीपुढे 'नष्ट', आणि या चारांपुढे 'वापरात नाही'. ऐंशी वर्षांचं अंतर आहे, शेरा तोच.

१४ नोव्हेंबरला चोराने चाचपणी सुरू केली. १५ तारखेला तो कंपनीच्या अंतर्गत माहितीकोशात आणि तक्रारनोंदींत होता. तिथे तो काय शोधत होता, तर जाळ्याची रचना, सुरक्षेची व्यवस्था आणि किल्ल्या बदलण्याची पद्धत. २२ तारखेला त्याने कायम ये-जा करता येईल अशी सोय करून घेतली, प्रोग्रॅमच्या मूळ मजकुरापर्यंत पोचला, आणि ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या एका नव्या, अजून सुरू न झालेल्या डेटा सेंटरमध्ये शिरायचा प्रयत्न केला. तो फसला. २३ नोव्हेंबरला, अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची सुट्टी असताना, तो ध्यानात आला आणि २४ ला बाहेर काढला गेला. ग्राहकांच्या माहितीला धक्का लागला नाही असं कंपनीने सांगितलं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला एखाद्या चांगल्या पलटणीसारखं वाटतं. कोणती किल्ली गेली आणि कोणती नाही याचा वाद न घालता चालू व्यवस्थेतल्या सगळ्याच, पाच हजारांहून अधिक किल्ल्या बदलल्या. ४,८९३ यंत्रं एकेक करून तपासली. मोठ्या संख्येने अभियंते दुसरं काम बाजूला ठेवून जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत यावर होते. साओ पाउलोच्या केंद्रात चोर शिरलाच नव्हता, तरी तिथली उपकरणं काढून बनवणाऱ्या कंपन्यांकडे तपासायला पाठवली. तपासात काही सापडलं नाही. ती उपकरणं तरीही बदलली गेली.